बडोद्याहून पहिल्यांदा परदेशी जाताय? निघायच्या तारखेपासून मागे मोजत या

निघायची तारीख पक्की झाली की कॅलेंडर समोर घ्या आणि मागे मोजायला लागा. सहा महिने मागे पासपोर्ट, तीन-चार महिने मागे व्हिसा, महिनाभर मागे पैसे आणि औषधं, शेवटच्या आठवड्यात बॅग. बहुतेक घरांत हे उलटं होतं. आधी बॅगांची खरेदी, मग फराळाची यादी, मग तिकीट. आणि मग कुणीतरी पासपोर्ट उघडून बघतं तर मुदत चार महिन्यांवर आलेली! शेवटच्या क्षणी अडणाऱ्या प्रवासांचं कारण बहुतेक वेळा नावाचं स्पेलिंग किंवा तारीख, या दोहोंपैकी एक असतं. म्हणून या लेखात कागदांना जास्त जागा आहे. प्रेक्षणीय स्थळं तुम्हाला कुणीही सांगेल.

पासपोर्ट: मुदत आणि नाव

थायलंड, सिंगापूर, दुबई, बाली यांपैकी कुठेही जायचं तर उतरण्याच्या दिवसापासून पुढे किमान सहा महिने पासपोर्ट चालू असावा लागतो. युरोपातल्या शेंगेन देशांचा, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या देशांचा, हिशेब वेगळा: तिथून बाहेर पडल्यानंतर आणखी तीन महिने मुदत हवी, पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत निघालेला हवा आणि दोन पानं कोरी हवीत. मुदत संपायला वर्ष उरलं की नव्या पासपोर्टचा अर्ज करता येतो, तेव्हा तो त्याच वेळी करून मोकळं व्हावं.

अर्ज सरकारी संकेतस्थळावरच भरा. पत्त्याच्या शेवटी ‘गव्ह डॉट इन’ आहे ना, ते बघा. अगदी तसाच चेहरामोहरा असलेली खाजगी संकेतस्थळं दुप्पट पैसे घेतात. मोठ्यांच्या ३६ पानी पासपोर्टची फी १,५०० रुपये, ६० पानीची २,०००. तत्काळ हवा असेल तर वर आणखी २,०००. बडोद्यात पासपोर्ट सेवा केंद्र आहे, त्यामुळे अपॉइंटमेंटसाठी अहमदाबादला जावं लागत नाही. विभागीय कार्यालय तेवढं तिथे आहे. मूळ कागद बरोबर न्या, झेरॉक्सवर भागत नाही. त्यानंतर पोलीस पडताळणी. पोलीस येतील तेव्हा अर्जात लिहिलेल्या पत्त्यावर तुम्ही राहत असल्याचं दिसलं पाहिजे. वाडीतलं वडिलोपार्जित घर आधारवर आणि राहायला गोत्री किंवा मांजलपूरला, अशी स्थिती असेल तर आधी आधारवरचा पत्ता बदला, मग अर्ज भरा.

आता नावाचं. इथल्या मराठी घरांत हा घोळ हमखास असतो. शाळेच्या एलसीवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं: कदम सुरेश नारायणराव. आधारवर सुरेश नारायण कदम. लाइट बिलावर सुरेशभाई एन. कदम, कारण इथे नोंद करणारा सवयीने ‘भाई’ जोडतो. बाईंच्या रेशनकार्डावर ‘लताबेन’, बँकेत ‘लता’, आणि लग्नाआधीच्या मार्कशीटवर माहेरचं आडनाव. माणूस एकच, पण संगणकाला ही चार माणसं वाटतात.

यातून मार्ग असा. पासपोर्टवर जे नाव हवं ते एका कागदावर इंग्रजी अक्षरांत लिहून काढा. आडनावाच्या रकान्यात फक्त आडनाव. नावाच्या रकान्यात स्वतःचं नाव आणि हवं तर पुढे वडिलांचं किंवा पतीचं. मग आधार आणि पॅन त्या स्पेलिंगवर आणा. तिथे ‘भाई’, ‘बेन’, ‘राव’ काढायचं की ठेवायचं ते एकदाच ठरवा आणि सगळीकडे तेच पाळा. आडनावाचा रकाना रिकामा ठेवून पूर्ण नाव एकाच रकान्यात घालण्याची चूक जुन्या पासपोर्टांत बरीच दिसते. दुबईसाठी ती महागात पडते, कारण एकच नाव असलेल्या पासपोर्टवर पर्यटक व्हिसाने येऊ द्यायचं नाही, असा नियम संयुक्त अरब अमिरातीने नोव्हेंबर २०२२ मध्ये केला.

माहेरच्या आडनावाचा पासपोर्ट असेल आणि त्याची मुदत शिल्लक असेल तर तो चालतो, घाईघाईने बदलायची गरज नाही. फक्त तिकीट, व्हिसा आणि विमा हे तिन्ही त्याच आडनावाने काढा. तिकीट काढणाऱ्या भाच्याला व्हॉट्सअ‍ॅपवर ‘काकूचं नाव टाक’ म्हणून सांगू नका. पासपोर्टच्या पानाचा फोटो पाठवा.

मुलांचा पासपोर्ट पाच वर्षांचा किंवा १८ पूर्ण होईपर्यंतचा, यातलं जे आधी येईल तेवढा. म्हणजे मोठ्यांचे चालू असताना मुलाचा कधी संपला हे लक्षातच येत नाही. घरातल्या सगळ्यांच्या मुदतीच्या तारखा फ्रीजवर चिकटवा.

व्हिसा: कुठे किती वेळ लागतो

थायलंड आणि मलेशियाला सध्या भारतीय पर्यटकांना व्हिसा लागत नाही, पण दोन्ही ठिकाणी येण्याआधी ऑनलाइन आगमन कार्ड भरावं लागतं. सिंगापूरला व्हिसा लागतो, तो अधिकृत एजंटमार्फत निघतो, आणि शिवाय आगमन कार्ड. ही कार्डं पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत भरायची असतात आणि फुकट असतात. त्यासाठी पैसे मागणारं पान उघडलं असेल तर ते बंद करा. बालीला विमानतळावर व्हिसा मिळतो, फी ५ लाख इंडोनेशियन रुपिया. आकडा ऐकून दचकायचं कारण नाही, चलनच तसं आहे. हे नियम दर वर्षी हलतात, म्हणून तिकीट काढायच्या दिवशी त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर एकदा बघा.

शेंगेनला मात्र खरी तयारी लागते. अर्ज निघण्याच्या सहा महिने आधीपासून करता येतो. कमीत कमी १५ दिवस आधी करावाच लागतो. निर्णय साधारण १५ दिवसांत येतो, पण ४५ दिवसांपर्यंत लांबू शकतो. उन्हाळी सुट्टीत अपॉइंटमेंटच महिनाभर मिळत नाही. एप्रिल-मेमध्ये जायचं तर जानेवारीतच अर्ज करा. मोठ्यांची फी ९० युरो, ६ ते ११ वर्षांच्या मुलांची ४५, त्याहून लहानांना माफ. व्हिसा केंद्राचं सेवाशुल्क वेगळं.

अर्ज कुठल्या देशाकडे करायचा? जिथे सर्वात जास्त रात्री मुक्काम, तिकडे. रात्री सारख्या असतील तर जिथे पहिल्यांदा उतरणार, तिकडे. पॅरिसला दोन, स्वित्झर्लंडला चार, इटलीला तीन अशा रात्री असतील तर अर्ज स्विसकडे. फ्रान्सची अपॉइंटमेंट लवकर मिळते म्हणून तिकडे अर्ज टाकायची युक्ती सुचवणारे भेटतील. तुमची हॉटेलं कुठली आहेत ते अधिकाऱ्यासमोरच्या कागदावर स्पष्ट दिसत असतं. बऱ्याच शेंगेन देशांचे कागद आणि बोटांचे ठसे अहमदाबादच्या व्हिसा केंद्रात देता येतात. ठसे ५९ महिने चालतात.

कागदांची चळत अशी लावा: पासपोर्ट, जुने पासपोर्ट, ३५ बाय ४५ मिलिमीटरचे पांढऱ्या पार्श्वभूमीचे नवे फोटो, विमानाचं आरक्षण, रद्द करता येतील अशी हॉटेलं, दिवसवार कार्यक्रम, तीन ते सहा महिन्यांचं शिक्का मारलेलं बँक स्टेटमेंट, मागच्या दोन-तीन वर्षांची रिटर्न्स, आणि विमा. नोकरदारांना कंपनीचं रजेचं पत्र, दुकानदारांना जीएसटी नोंदणी, निवृत्तांना पेन्शनचे कागद. विमा किमान ३०,००० युरोंचा, शेंगेनच्या सगळ्या देशांत चालणारा, उपचार आणि परत आणण्याचा खर्च देणारा असावा लागतो. मूल एकाच पालकाबरोबर जात असेल तर दुसऱ्याचं संमतिपत्र.

अर्ज नाकारला जाण्याचं एक कारण घरच्या घरी तयार होतं. खात्यात एरवी ४० हजार असतात आणि अर्जाच्या आधीच्या आठवड्यात एकदम पाच लाख येऊन पडतात. मुलाने किंवा मेहुण्याने प्रेमाने टाकलेले असतात, पण कागदावर ते उसने आणलेले दिसतात. एफडी मोडली असेल तर मोडल्याची पावती जोडा. मुलगा खर्च करणार असेल तर त्याचं पत्र, त्याचं स्टेटमेंट आणि नातं दाखवणारा कागद जोडा. खरं काय आहे ते लिहिलेलं नेहमी बरं पडतं.

अमेरिकेचा पर्यटक व्हिसा गुजरातचे लोक सहसा मुंबईच्या वाणिज्य दूतावासातून घेतात आणि मुलाखतीची वाट बरीच बघावी लागू शकते, म्हणून तिकीट आधी काढूच नका. लंडनमार्गे किंवा दुसऱ्या कुठल्या मोठ्या विमानतळावरून पुढे जायचं असेल तर ट्रान्झिट व्हिसा लागतो का ते पाहा. स्वस्त तिकिटाचं कारण कधीकधी हेच निघतं.

केनिया, युगांडाकडे निघालेल्यांसाठी वेगळी सूचना: पिवळ्या तापाची लस निघण्याच्या किमान १० दिवस आधी घ्यावी लागते. ती सरकारमान्य केंद्रातच मिळते, अशी केंद्रं मोजकी आहेत आणि ठरलेल्याच वारी चालतात. प्रमाणपत्र आयुष्यभर चालतं. ते नसेल तर परतल्यावर भारतातच सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात.

कुठून उडायचं

बडोद्याच्या हरणी विमानतळावरून नियमित परदेशी विमानं नाहीत. म्हणजे अहमदाबाद किंवा मुंबई.

अहमदाबादला आंतरराष्ट्रीय उड्डाणं टर्मिनल २ वरून. एक्सप्रेसवे ९३ किलोमीटरचा आणि सुरेख आहे, पण तो सीटीएमला संपतो आणि खरा वेळ तिथून पुढे शहरात जातो. घरून निघण्याची वेळ ठरवताना गाडीला अडीच तास धरा, संध्याकाळी तीन. त्यात विमानतळावरचे तीन तास मिळवा. पहाटे चारच्या विमानाला रात्री दहाला निघणं ही घाई नाही.

मुंबईला रेल्वेने जाणार असाल तर बोरिवलीला उतरा; मुंबई सेंट्रलला जाऊन परत उत्तरेला यायचं काही कारण नाही. आता नवी मुंबईचा विमानतळही सुरू झाला आहे, तेव्हा तिकिटावर कुठला विमानतळ आहे ते नीट वाचा. दोघांमध्ये खाडी आणि भरपूर ट्रॅफिक आहे.

तिसरा पर्याय बडोदा-मुंबई विमान आणि पुढे परदेशी विमान. दोन्ही एकाच तिकिटावर असतील तर बॅग सहसा थेट जाते, आणि पहिलं विमान उशिरा आलं तर पुढची सोय कंपनी करते. वेगवेगळी काढली असतील तर उशिराची जोखीम पूर्णपणे तुमची. चार-पाच हजार वाचवायला ही जोखीम घेण्यासारखी नाही.

पैसे

नोटा थोड्या, बाकी फॉरेक्स कार्डवर, म्हणजे परकीय चलन आधीच भरून ठेवलेल्या कार्डवर. बहुतेक देशांसाठी एका प्रवासाला ३,००० डॉलरपर्यंतच परकीय नोटा नेता येतात. आठवड्याभरासाठी दोघांना २००-३०० डॉलर किंवा युरो नोटांत पुरतात. परकीय चलन घेताना ५० हजार रुपयांपर्यंतच रोख देता येते, त्यापुढे चेक किंवा खात्यातून. भारतीय रुपये २५ हजारांपर्यंत जवळ ठेवता येतात. परतल्यावर टॅक्सीला लागतात.

घरचं डेबिट-क्रेडिट कार्ड परदेशात आपोआप चालत नाही. बँकेच्या अ‍ॅपमध्ये जाऊन आंतरराष्ट्रीय वापर चालू करावा लागतो, तो निघण्याच्या आदल्या दिवशी करा आणि मर्यादाही ठरवा. क्रेडिट कार्डवर साधारण दोन ते साडेतीन टक्के जास्तीचे लागतात, वर जीएसटी. दुकानातलं यंत्र ‘रुपयांत भरू की स्थानिक चलनात?’ असं विचारतं. तिथे नेहमी स्थानिक चलन निवडा. रुपये ओळखीचे म्हणून ते बटण दाबलं जातं आणि दुकानाच्या बाजूची बँक आपल्या मनाचा दर लावते.

टूर कंपनीकडून पॅकेज घेतलं तर बिलात टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच गोळा केलेला आयकर, दिसेल. तो जास्तीचा खर्च नाही, पॅन बरोबर दिला असेल तर रिटर्न भरताना वळता होतो. दोघांचं पॅकेज एकाच्याच पॅनवर बिल होऊ देऊ नका, विशेषतः दोघंही रिटर्न भरत असाल तर.

मोबाइलचं भारतीय सिम काढून डब्यात ठेवू नका. बँकेचा ओटीपी त्यावरच येणार. डेटा रोमिंग बंद, सिम चालू, आणि इंटरनेटसाठी तिकडचं सिम किंवा ई-सिम.

औषधं

जेवढे दिवस त्यापेक्षा आठवडाभर जास्तीची घ्या, आणि ती दोन भागांत: अर्धी हातातल्या बॅगेत, अर्धी मोठ्या बॅगेत. गोळ्या पट्टीतच ठेवा. वारवार डब्यात काढून ठेवलेल्या पांढऱ्या गोळ्या कशाच्या आहेत हे कस्टम्सला कळत नाही. डॉक्टरांकडून इंग्रजीत, मूळ औषधाच्या नावासह चिठ्ठी घ्या. इन्सुलिन नेहमी हातातल्या बॅगेत, सामानाच्या कप्प्यात ते गोठू शकतं. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध आणि ट्रामाडॉलसारखी वेदनाशामकं दुबईला आधी परवानगी काढल्याशिवाय नेऊ नका. सिंगापूरलाही कोडीनचे आणि झोपेच्या गोळ्यांचे नियम कडक आहेत. आपल्याकडे मेडिकलवाला सहज देतो म्हणून तिकडे ते साधं औषध ठरत नाही. आधीच्या आजारांची माहिती विम्याच्या अर्जात लिहा. बीपी लपवलं तर दावा फेटाळायला कंपनीला कारण मिळतं.

बॅग आणि फराळ

हातातल्या बॅगेत द्रव पदार्थ १०० मिलिलिटरच्या बाटलीतच, आणि सगळ्या बाटल्या मिळून एक लिटरच्या पारदर्शक पिशवीत. लोणचं, तूप, चटणी, च्यवनप्राश हे सगळं द्रवातच धरतात. बाटली अर्धी असली तरी तिच्यावर २०० लिहिलं असेल तर ती काढून घेतात.

पॉवर बँक हातातल्या बॅगेतच ठेवायची, मोठ्या बॅगेत नाही; सामानाच्या कप्प्यात बॅटरीने पेट घेतला तर विझवायला कुणी नसतं. मर्यादा १०० वॉट-अवर. २०,००० एमएएचची सुमारे ७४ भरते, म्हणजे चालते. पण आकडे घासून पुसले गेले असतील तर तपासणीत काढून घेतात. बऱ्याच विमान कंपन्या उड्डाणात ती वापरू देत नाहीत, तेव्हा फोन आधीच चार्ज करून घ्या.

आता डब्यांकडे वळू. खाखरा, कोरडी भाकरवडी, चकली, शेव या गोष्टी बंद पाकिटात बहुतेक ठिकाणी निर्धास्त जातात. लीलो चिवडा ओलसर असतो, लांबच्या प्रवासात त्याचा भरवसा धरू नका. युरोपात दूध आणि मांसाचे पदार्थ पर्यटकाला नेता येत नाहीत: पेढे, बर्फी, श्रीखंड, तूप घरीच ठेवा. ऑस्ट्रेलियाला भारतीय मिठाई घेऊन जाऊ नका, आणि जे काही खाण्याचं आहे ते आगमन कार्डावर जाहीर करा. जाहीर केलेला पदार्थ फार तर फेकून देतात. लपवलेल्याचा दंड होतो.

खसखस हा सगळ्यात धोक्याचा पदार्थ. दुबई आणि सिंगापूरमध्ये ती अमली पदार्थांच्या कायद्याखाली येते. म्हणजे मुलीसाठी प्रेमाने नेलेले अनारसे, ज्यांची एक बाजू खसखशीने पांढरी झालेली असते, तेही. घरचा गोडा मसाला नेणार असाल तर त्यात खसखस पडली आहे का, हे आठवून पाहा. बहुतेक पडलेली असते. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या तर चेक-इन बॅगेतच चालत नाहीत, तेलामुळे त्या पेट घेऊ शकतात. सिंगापूरला च्युइंग गम आणि तंबाखूची पुडी नको. साबुदाणा, तांदळाचं पीठ असलं पांढरं काही घरच्या पिशवीत बांधू नका, दुकानाच्या छापील पाकिटातच ठेवा.

दुबई, सिंगापूर, मलेशिया, इंग्लंडला तीन चौकोनी पिनांचा प्लग लागतो. युरोपात दोन गोल पिनांचा. अमेरिकेत ११०-१२० व्होल्ट असल्याने इथली इस्त्री आणि छोटा मिक्सर तिथे निरुपयोगी.

विमानतळावर, जाताना आणि येताना

काउंटर सहसा उड्डाणाच्या ६० ते ७५ मिनिटं आधी बंद होतो आणि मग विनवणीचा उपयोग नसतो. आजी-आजोबांसाठी व्हीलचेअर दोन दिवस आधी सांगून ठेवा, तिचे पैसे पडत नाहीत. इमिग्रेशनवर विचारतात ते मोजकं: कुठे, किती दिवस, कुठे राहणार, परतीचं तिकीट. हॉटेल आणि तिकिटाच्या छापील प्रती हातात असू द्या, फोनची बॅटरी नेमकी तिथेच संपते. इंग्रजीची सवय नसलेल्यांना मुलाचा पत्ता आणि फोन इंग्रजीत लिहिलेला कागद खिशात द्या. वरचेवर जाणारे असाल तर जलद इमिग्रेशनची भारत सरकारची नोंदणी विनामूल्य आहे आणि अहमदाबादलाही ती सोय आहे.

अंगावर भारी दागिने घालून जाणार असाल तर निघतानाच कस्टम्सकडे त्यांची नोंद करून प्रमाणपत्र घ्या. नाहीतर परतताना ते इथूनच नेलेले होते हे सिद्ध करत बसावं लागतं. त्यापेक्षा लॉकर बरा.

येताना ड्यूटी फ्रीच्या दोन लिटर दारूची मुभा कस्टम्सची आहे, गुजरातच्या दारूबंदी कायद्याची नाही. परवाना नसेल तर मुंबईत घेतलेली बाटली गुजरातच्या सीमेवरचं भिलाड यायच्या आधीच कुणाला तरी देऊन टाकावी लागेल, म्हणून घेऊच नका. उरलेलं परकीय चलन २,००० डॉलरपर्यंत पुढच्या प्रवासासाठी ठेवता येतं, त्यावरचं १८० दिवसांत बँकेत परत करायचं.

परतीला मुंबईहून बडोद्याचं विमान असेल तर बॅगेवर बडोद्याची चिठ्ठी लागलेली असली तरी ती मुंबईत पट्ट्यावरून उचलावी लागते, कस्टम्समधून नेऊन पुन्हा जमा करावी लागते. म्हणून दोन विमानांमध्ये चार तास तरी ठेवा.